शोकठरावात नसलेला शब्द

"मास्तरांनू, पिशवी उघडा बघू."

अब्बांनी पिशवी उघडली. समोर मंदार उभा होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात शेपटीला धरलेला फुगलेला केंड मासा. तो त्यानं अब्बांच्या पिशवीत सोडला.

"हो तुमचो वाटो. तुमच्या जातीचो."

माणसं हसली. मंदारच्या होमस्टेमध्ये उतरलेले पाहुणे शब्द न कळताही हसले, कारण बाकीचे हसत होते. मी अब्बांच्या मागे उभी होते. त्यांची मान मला दिसत होती, चेहरा दिसत नव्हता.

आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात रापण लागते. होडी समुद्रात अर्धं वर्तुळ करून जाळं टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा मिळतो. तो कोण, कुठला, हे कुणी विचारत नाही. अब्बा शाळेतून निवृत्त झाल्यापासून सकाळी जाऊन दोर धरत. त्यांच्या ओढण्यानं जाळं किती पुढे सरकत असेल, ते त्यांनाही ठाऊक होतं. पण रापणीचे म्होरके, तांडेल बाबलकाका, त्यांच्या पिशवीत ओंजळभर पेडवे नेमानं टाकायचे.

केंड कुणी खात नाही. विषारी असतो. जाळ्यात सापडला की दातांनी जाळं कातरतो, म्हणून रापणकर शिव्या देत त्याला वाळूत भिरकावतात. चिडला की पोट फुगवतो. पोरं त्याला लाथा मारत खेळतात.

बाबलकाका खाली वाकून पेडवे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

अब्बा मंदारला म्हणाले, "तुझी आवस बरी आसा मा?"

मंदार क्षणभर गडबडला. "आसा बरी."

"तिका सांग, इचारलंय म्हणान."

एवढं बोलून ते वळले. घरी आल्यावर त्यांनी पिशवी मला उघडू दिली नाही. मागच्या माडाखाली स्वतः खड्डा केला. कुत्र्यांनी खाल्ला तर मरतील, म्हणाले. दुपार व्हायच्या आत तो व्हिडिओ तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला होता. त्यात अब्बा मंदारच्या आईची चौकशी करतात तो भाग कापलेला होता.

मी हे सावकाश लिहिते आहे. अब्बांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत. पण घडलं ते क्रमानं सांगायला हवं, कारण हा शब्द त्या सकाळी किनाऱ्यावर जन्मला नव्हता. तो आधीच मोठा झालेला होता. शब्द कसा वाढतो ते मला माहीत आहे. ते बघण्याचाच मला पगार मिळतो.

मी एका कंपनीसाठी ब्रिटनमधल्या लोकांच्या ऑनलाइन कमेंट वाचते. कुणी कुणाची तक्रार केली की ती कमेंट माझ्यासमोर येते. काढायची की ठेवायची, ते मी ठरवायचं. आता हे काम घरून करते, पण सुरुवातीला पुण्याच्या ऑफिसात होते. त्या काळात तिकडे ब्रेक्झिटवरून घरोघरी भांडणं लागली होती आणि तक्रारींमध्ये एक शब्द वारंवार यायला लागला. गॅमन.

गॅमन म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस. शिजलं की गुलाबी दिसतं. टीव्हीवरच्या राजकीय चर्चांत तावातावानं बोलणाऱ्या, चिडून लाल झालेल्या वयस्क गोऱ्या पुरुषांचे फोटो कुणीतरी एकत्र लावले आणि त्यांना हे नाव दिलं. देशाभिमानाच्या गर्जना करणारा, बाहेरच्यांवर चिडणारा म्हातारा, असा त्याचा अर्थ.

आमच्या टीम लीडर मॅडमनी त्या शब्दावर खास प्रशिक्षण ठेवलं. पडद्यावर मांसाच्या गुलाबी कापाचं मोठं चित्र लावलं आणि खोलीभर नजर फिरवून माझ्यावर थांबवली.

"तू डोळे मिटून घे हं," त्या म्हणाल्या. "नाहीतर घरी जाऊन अंघोळ करावी लागेल."

खोली हसली. चांगल्या कॉलेजांतून आलेली, चांगल्या सोसायट्यांत राहणारी मुलं होती. वाईट नव्हती. माझ्या डब्यातलं कालवण चाटूनपुसून खायची. मी डोळे मिटले नाहीत. चित्राकडे बघत राहिले, पुढचं चित्र येईपर्यंत. माझे कान तापले होते. पडद्यावरच्या त्या लालबुंद म्हाताऱ्यांसारखाच माझाही चेहरा लाल झाला असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

तो शब्द मी पुढे रोज वाचला. आधी त्याच्या अवतीभवती वाक्यं असायची. अमुक धोरण चुकीचं आहे, तमुक माणूस खोटं बोलतोय, आणि शेवटी गॅमन. हळूहळू वाक्यं गळली. नुसता शब्द उरला. समोरच्यानं काहीही लिहिलं, रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल लिहिलं तरी, उत्तर एकच. मग शब्दाचीही गरज संपली. मांसाच्या कापाचं चित्र टाकलं की काम झालं. ज्याला लागायचं त्याला लागलं, ज्याला हसायचं तो हसला. समोरच्याला उत्तर द्यायचं ओझं गेलं. शिवीचा खरा उपयोग हाच. ती राग दाखवायला कमी वापरतात, ऐकण्यातून सुटका करून घ्यायला जास्त.

तिकडे त्यावर वाद झाला. हा शब्द माणसाच्या कातडीच्या रंगावर आहे, मग तो वर्णद्वेष झाला का? वर्तमानपत्रांत लेख आले, राजकारणी बोलले. आमच्याकडे परदेशातून सूचना आल्या, त्या बदलल्या, पुन्हा बदलल्या. एका तक्रारीत एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की नातवानं जेवणाच्या टेबलावर मला हे म्हटलं, तेव्हापासून मी टेबलावर बोलत नाही. मी ती तक्रार दोनदा वाचली. त्या म्हाताऱ्याची मतं कदाचित अशी असतील की मी त्याच्या गल्लीत राहायला गेले असते तर त्यानं दार लावून घेतलं असतं. तरी त्याचं ते गप्प होणं मला कळलं. त्यानं जिची तक्रार केली होती ती कमेंट मी काढली.

मग अम्मी गेली. अब्बा एकटे पडले म्हणून मी घरी आले आणि इथून काम करू लागले. अब्बांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. पहिली नोकरी धामापूरला, मग आमच्या बंदरावरच्या हायस्कुलात. निवृत्तीनंतर गावच्या वाचनालयात मानद ग्रंथपाल. घरात आम्ही आमची बोली बोलायचो, पण लिहायला बसले की अब्बा अशी मराठी लिहीत की तिच्यातला एक शब्द इकडचा तिकडे करता यायचा नाही.

मंदारचं एक पेज आहे. गावाच्या बातम्या, समुद्राचे फोटो, निवडणूक आली की पक्षाचा प्रचार. एकदा त्यावर त्यानं लिहिलं की जेटीवरच्या लिलावात मोहल्ल्यातल्या होड्यांची मासळी वेगळी लावा, म्हणजे कुणाकडून घेतो ते गिऱ्हाइकाला कळेल. खाली वाहवा सुरू झाली.

अब्बांनी उत्तर लिहिलं. एका बोटानं टाइप करत अर्धा दिवस घालवला. समुद्रात जाळं टाकताना पाण्याला वाटण्या करता येत नाहीत, आणि जेटी बांधताना दगड वाहणाऱ्यांत दोन्हीकडची माणसं होती, असं काहीसं त्यात होतं. कुणाला दुखवणारा एक शब्द नव्हता. शेवटी लिहिलं होतं, "आपला शिक्षक म्हणून हे सांगण्याचा अधिकार मी घेत आहे."

मंदारनं त्यावर उत्तर दिलं नाही. एक फोटो टाकला. शाळेच्या बक्षीस समारंभातला, जुना. अब्बांची सवय होती, भाषणाआधी माईकवर फुंकर मारून तो चालू आहे का बघायची. त्या क्षणी कुणीतरी काढलेला फोटो. गाल फुगलेले, डोळे बारीक. शेजारी फुगलेला केंड. खाली तीन शब्द: "मास्तर केंड फुगलो."

अब्बांनी तो फोटो मला दाखवला तेव्हा ते हसत होते. म्हणाले, "माका वाटलाच नव्हता मी असो दिसतंय म्हणान."

मी हसले नाही. मला पुढचं माहीत होतं.

महिनाभरात मोहल्ल्यातला कुणीही केंड झाला. मग मोहल्ल्याची बाजू घेणारा केंड झाला. अब्बांच्या जुन्या सहकारी, शाळेतल्या बाई, त्यांनी एकदा लिहिलं की फोटोवरून थट्टा बरी नव्हे. त्या "केंडीण" झाल्या. पाणीपुरवठ्याची तक्रार करणाराही केंड, पक्षाच्या उमेदवाराला प्रश्न विचारणाराही केंड. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टिकर निघालं. "केंड जाळ्याभायर" असं स्कूटरच्या मागे लिहिलेलं मी स्वतः बाजारात पाहिलं. ज्या पायऱ्या मी परदेशातल्या अनोळखी माणसांच्या कमेंटींत मोजल्या होत्या, त्याच पायऱ्या चढून तो शब्द आमच्या अंगणात आला होता. फरक एवढाच की तिकडे ज्यांना हिणवलं जात होतं त्यांच्यामागे निदान त्यांची वर्तमानपत्रं होती.

मी तक्रार केली. त्या पेजची, फोटोची, पुढे किनाऱ्यावरच्या व्हिडिओची. रीतसर, जिथं करायची तिथं. प्रत्येक वेळी चहा उकळायच्या आत उत्तर आलं: आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. इतक्या लवकर माणूस वाचत नाही हे मला कळत होतं. म्हणून टीम लीडर मॅडमना फोन केला.

"अगं, मालवणीला डेस्कच नाही," त्या म्हणाल्या. "मराठीला आहे, पण तिथं हे कळणार कुणाला?"

"मी वाचीन. मला त्या डेस्कवर घ्या."

"तुझ्यासारख्या अ‍ॅफेक्टेड पर्सनला कसं घेणार? न्यूट्रल माणूस लागतो ना." मग आवाज मऊ करून म्हणाल्या, "इतकं मनाला लावून घेऊ नकोस. गावाकडची चेष्टा असते ती."

मी फोन ठेवला आणि शिफ्टला बसले. पहिलीच तक्रार गॅमनची होती. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावातल्या त्या माणसाच्या अपमानाबद्दल मी न्यूट्रल होते. त्याला न्याय द्यायला मी चालत होते.

किनाऱ्यावरच्या त्या सकाळनंतर अब्बांनी रापणीला जाणं सोडलं. थंडी वाढली आहे, म्हणाले. मग ग्रुपवर लिहिणं बंद झालं. मग वाचनालय. तिथं त्यांच्या खुर्चीच्या पाठीला कुणीतरी ते स्टिकर छापून चिकटवलं होतं. अब्बांनी ते नखानं खरवडून काढलं, गोंदाचा डाग ओल्या फडक्यानं पुसला आणि दुसऱ्या दिवशी चाव्या समितीकडे दिल्या. हे मला शाळेतल्या बाईंकडून कळलं. अब्बांनी घरी सांगितलं नाही.

घरातही बोलणं कमी झालं. मी काही विचारलं तर "होय", "नको", "बरा आसा". ज्या माणसाच्या एका वाक्यात तीन स्वल्पविराम असायचे, त्याची वाक्यं नखाएवढी झाली. एकदा मी चिडून म्हटलं, "अब्बा, तेका तोंडार उत्तर द्या."

ते म्हणाले, "कसा देऊ? मी तोंड उघडलंय काय तो म्हणतलो, फुगलो."

उत्तर देणं हाच ज्या शिवीत पुरावा ठरतो, तिच्यापुढे बोलणारा माणूस काय करणार?

छातीत दुखायला लागलं तेव्हा इथल्या डॉक्टरांनी कोल्हापूरला न्या म्हटलं. ॲम्ब्युलन्स तळेऱ्यापर्यंत गेली. तिथं हायवे सोडायच्या आधीच सोबतच्या नर्सनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या शब्दानं अब्बांचा जीव घेतला असं मी लिहिणार नाही. त्यांचं हृदय आधीपासून कमकुवत होतं, आणि अब्बांनी मला पुराव्याशिवाय वाक्य लिहायला शिकवलं नाही. मी एवढंच लिहिते की ते मेले त्याच्या आधी पुष्कळ दिवस गप्प झाले होते, आणि ते गप्प कुणी केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

वाचनालयानं शोकसभा ठेवली. अध्यक्ष स्वतः निमंत्रण द्यायला घरी आले. "फोटो घेऊन या," म्हणाले. "आजवरच्या ग्रंथपालांच्या रांगेत लावू. मोठा माणूस होता." मी कपाटातून अम्मीला आवडायचा तो फोटो काढला, पुसला, ओढणीत गुंडाळला आणि गेले.

खुर्च्या भरल्या होत्या. मोहल्ल्यातले मागे बसले होते. बाबलकाका दाराशी. पुढच्या रांगेत समितीचे सभासद आणि त्यांच्यात मंदार. अब्बांनी चाव्या दिल्यावर रिकाम्या जागेवर त्याला समितीत घेतलं होतं.

अध्यक्ष शोकठराव वाचायला उभे राहिले. गावातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचा ठराव पूर्वी अब्बाच लिहायचे. त्यांचाच मसुदा समोर ठेवून हा केला होता, त्यामुळे नावाआधी "कैलासवासी" तसंच राहिलं होतं. त्याचं मला काही वाटलं नाही. अब्बा असते तर ओठ दाबून हसले असते.

पुढे होतं: "सरांनी प्रकृतीच्या कारणास्तव ग्रंथपालपद सोडले. सर्व समाजांशी त्यांचे अखेरपर्यंत सलोख्याचे संबंध होते."

अब्बा म्हणायचे, शोकठरावात खोटं लिहू नये, कारण ज्याच्याबद्दल लिहितो तो दुरुस्ती सुचवायला येत नाही.

मी उभी राहिले. "मला दुरुस्ती सुचवायची आहे."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, शोकठरावाला दुरुस्ती नसते. उपसूचना नाही, चर्चा नाही. उभं राहून संमत करायचा असतो."

"त्यांनी पद प्रकृतीमुळे सोडलं नाही. अपमानामुळे सोडलं. तसं लिहा. त्यांना काय म्हटलं जात होतं तेही लिहा."

कुणीतरी खोकलं. मंदार उठून माझ्याजवळ आला आणि हळू आवाजात बोलू लागला.

"ताई, हय नको गो. मस्करी होती ती. मास्तर आमचे गुरू."

"मग तसंच लिहूया. 'आम्ही गुरूंची मस्करी केली.' सांग त्यांना."

"असा खंय लिवतत काय ठरावात?"

"तो शब्द तुझ्या पेजवर लिहिता आला. इथं लिहायला काय होतं?"

त्याचा चेहरा लाल झाला. "बघा," तो मागे वळून सगळ्यांना म्हणाला, "काय बोलूची सोय नाय ह्यांच्याकडे."

ह्यांच्याकडे. मी ते ऐकलं. मागच्या खुर्च्यांनीही ऐकलं.

अध्यक्षांनी घाईनं कागद घडी केला. "ठराव संमत. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. समिती उभी राहिली, शाळेतल्या बाई उभ्या राहिल्या, मोहल्ला उभा राहिला. मंदार हात पुढे जुळवून, मान खाली घालून उभा राहिला. त्याला ते चांगलं जमतं.

मी खाली बसले.

लोकांना आधी वाटलं मला चक्कर आली. बाईंनी वाकून माझा हात धरला. मी तो बाजूला केला. आणि त्या शांततेत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी म्हटलं, "केंड." पुन्हा म्हटलं. जेवढा वेळ ते उभे होते तेवढा वेळ मी तो शब्द म्हणत राहिले. ओरडले नाही. हजेरी घेतात तसं. ज्या शब्दावर ही माणसं वर्षभर हसली होती, त्यावर आज एकही माणूस हसला नाही. म्हणजे तो काय होता ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं. मस्करी कुणालाच वाटली नव्हती.

त्या खोलीत मला जे कळलं ते कुठल्याही प्रशिक्षणात कळलं नव्हतं. मी इतके दिवस न्यूट्रल माणूस शोधत होते. तक्रार वाचणारा, तोलणारा, शिक्का मारणारा. तसा माणूस नाही. असेलही, तर तो आमची भाषा वाचत नाही. आमची भाषा वाचणारी माणसं इथं मान खाली घालून उभी आहेत, आणि अपमान झाला की नाही हे मी त्यांना विचारायची गरज नाही. मी सांगायचं आहे.

बाहेर पडताना बाबलकाका दारात आडवे आले. डोळे भरलेले. "गो बाय, माका त्या दिसा बोलूक व्हया होता."

"व्हया होता," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

संध्याकाळी मंदारच्या पेजवर आलं: केंडाचा चेडू पण फुगला. चेडू म्हणजे मुलगी, मी. त्याखाली मी माझ्या पूर्ण नावानं लिहिलं आहे, हे सगळं, सुरुवातीपासून. काढलं तर पुन्हा लिहीन.

अध्यक्षांचे तीन निरोप आले. भिंतीवर जागा ठेवली आहे, फोटो पाठवा, सभेत जे झालं ते विसरू. मी उत्तर कळवलं आहे. ठराव पुन्हा लिहा. मास्तरांना केंड म्हणून हिणवलं, कुणी हिणवलं, कोण हसलं, कोण गप्प बसलं आणि त्यामुळे त्यांनी चाव्या दिल्या, एवढं त्यात असलं पाहिजे. तो सभेत मोठ्यानं वाचा. वाचणारा मंदार असला पाहिजे. त्याआधी फोटो मिळणार नाही. मी मेले तरी मिळणार नाही. रत्नागिरीला दिलेल्या धाकट्या बहिणीला मी तसं बजावून ठेवलं आहे, आणि तिनं तिच्या मुलांना.